‘क्लॉक इन’ : हजेरी आणि वेळेची नोंद

‘क्लॉक इन’ हे इंग्रजीतील जोडक्रियापद आहे. काम सुरू केल्याची वेळ यंत्रावर किंवा वहीत नोंदविणे, हा त्याचा अर्थ. काम संपल्याची वेळ नोंदविणे म्हणजे ‘क्लॉक आउट’. ‘पंच इन’ हे त्याच अर्थाचे दुसरे रूप. कार्डाची जागा बोटाच्या ठशाने घेतली, तरी ‘पंच केले का?’ हा प्रश्न आपल्याकडे कायम आहे.

मराठीत यासाठी ‘हजेरी लावणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. परंतु दोहोंत भेद आहे. हजेरी कामगार आल्याचे सांगते. ‘क्लॉक इन’ तो किती वाजता कामाला लागला, हे सांगते. अशी नोंद करणारे यंत्र अमेरिकेतील ऑबर्न येथील जवाहिर विलर्ड बंडी यांनी १८८८च्या सुमारास बनविले.

या भेदाचे मोल सुरतेत कळते. तेथील यंत्रमागांवर खानदेशातून गेलेले मराठी कामगारही राबतात. बारा तासांच्या पाळ्या तेथे सर्रास चालतात आणि मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. कापड मोजले जाते. तास मोजले जातातच असे नाही.

वास्तविक १९४८च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून, त्यापुढील कामास दुप्पट दराने मजुरी ठरविली. नगावर काम करणाऱ्यांसाठीही मागील महिन्याच्या सरासरी कमाईवरून हा दर काढण्याची तरतूद त्यात केली. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने अधिसूचना काढून बारा तासांच्या दिवसाला मुभा दिली व जादा कामाची दुप्पट मजुरी वगळली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी त्या अधिसूचना रद्द केल्या.

तथापि, जादा तासांचा हक्क कायद्यात असून भागत नाही. ते तास सिद्ध करावे लागतात. पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, याची नोंदच नसेल, तर कामगाराने मागणी कशाच्या आधारे करावी? ‘क्लॉक इन’ची नोंद उशिरा येणाऱ्यास पकडते, हे खरे, पण उशिरापर्यंत राबणाऱ्याच्या बाजूने साक्षही तीच देते.