लेझमीच्या आज्ञा

लेझमीला ‘महाराष्ट्राचे प्राचीन लोकनृत्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. यातील दोन्ही विशेषणांविषयी आम्हाला शंका आहे. बुलडाणा जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या मैदानावर मुलामुलींचे पथक उभे असताना नुसत्या आज्ञा ऐकाव्यात : ‘आदी लगाव’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’. मुले वऱ्हाडी, मास्तर वऱ्हाडी, आज्ञा मात्र हिंदुस्तानी!

‘लेझीम’ हा शब्दही फारसीच. सरावाचे हलके धनुष्य हा त्याचा मूळ अर्थ. दोरीच्या जागी साखळी आणि चकत्या आल्या व ते तालमीतील व्यायामाचे साधन झाले. इराणच्या जोरखान्यांत असे साखळीचे धनुष्य डोक्यावर धरून आजही खेळवतात. म्हणजे पथकाच्या हाती आहे ते वाद्य नंतर, दंड कमावण्याचे साधन आधी.

तालमीतील देशी व्यायाम शिस्तबद्ध मैदानी प्रात्यक्षिकांपर्यंत आला, त्यात वऱ्हाडचा वाटा मोठा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा हे तेव्हाच्या वऱ्हाडचे चार जिल्हे. त्यांपैकी अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या हनुमान क्लबातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आकाराला आले. मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. (हिटलरच्या बर्लिनमध्ये पारतंत्र्यातील तरुणांनी आपली बलोपासना मांडावी, हा प्रसंग नाटककाराच्या तावडीतून कसा सुटला कोण जाणे.) पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत लेझीम उतरली, ती मात्र महाराष्ट्राचे लोकनृत्य म्हणून.

अमेरिकेतील ‘स्क्वेअर डान्स’ची कुळकथाही अशीच आहे. चार जोड्यांचा चौकोन आणि बाहेरून आज्ञा पुकारणारा एक जण. त्या आज्ञांत ‘दो-सी-दो’सारखे फ्रेंच शब्द झिजून राहिलेले. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने तो शाळांत नेण्याचा ध्यास घेतला. मोटारींच्या कारखानदाराने खेड्यातले नाच वाचवायला निघावे, यात गंमत आहे. पण नाचाला ‘लोक’ हे विशेषण बहुधा शाळेतच चिकटते.

याच बुलडाण्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कोरकू व भिलाला वस्त्या आहेत. तिथल्या फेराच्या नाचात कोणी आज्ञा देत नाही. लहान मूल मोठ्यांचा हात धरून फेरात शिरते आणि पाऊल उचलते. उद्या हा नाच ‘बसवून’ स्नेहसंमेलनात आणायचा झाला, तर त्याच्या आज्ञा मुंडा कुळातल्या कोरकूत असतील, मराठीत, की पुन्हा ‘आगे फलांग’?