एक गल्ली ठरवून दिली तर रोग आणि नशा थांबतील का? आपल्याच इतिहासातील उत्तर



मागच्या महिन्यात ओपीडी संपत आली असताना जिंतूरकडचे एक गृहस्थ पुतण्याला घेऊन आले. मुलगा बावीस वर्षांचा. झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध यांची सवय लागलेली. तपासणी झाली, उपचाराचे ठरले. निघताना काका दारात थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, राग नका येऊ देऊ, पण सरकारनं एकदाची जागाच का ठरवून देऊ नये? नशा करणारे तिकडं, बायांचा धंदाही तिकडं. बाहेर पोलिसांचा पहारा, आत डॉक्टरची तपासणी. बाकीचं गाव तरी नीट राहील."

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारणारी माणसे वाईट नसतात, घाबरलेली असतात. मी काकांना म्हणालो, "काका, हे आपल्याकडं करून झालंय." त्यांना ते खरे वाटले नाही. म्हणून आज हा इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

छावणीतला नियम

छावणी हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती आणि निजामाच्या काळात तिथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. मी सांगतोय तो नियम मात्र मुख्यतः गोऱ्या सैनिकांच्या छावण्यांतला, म्हणजे पुणे, खडकी यांसारख्या ठिकाणचा.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी भारतात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवली. या सैनिकांना गरमी आणि परमा, म्हणजे उपदंश आणि गोनोरिया, मोठ्या प्रमाणावर होत असे. सैनिक आजारी पडला की फौजेचे नुकसान. म्हणून १८६४ च्या छावणी कायद्याने वेश्यांची नोंदणी सुरू झाली. छावणीच्या बाजारात त्यांच्यासाठी ठरलेली जागा असे आणि ठरावीक दिवशी तपासणी असे. आजारी आढळलेल्या बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवले जाई. बरी झाली असे डॉक्टरने सांगेपर्यंत तिला बाहेर पडता येत नसे.

१८६८ मध्ये हीच पद्धत शहरांसाठी कायदा म्हणून आली. मुंबईत ती १८७० मध्ये लागू झाली. बायकांनी पोलिसांकडे नाव नोंदवायचे, तपासणीला यायचे, न आल्यास शिक्षा. अनेकींनी नाव नोंदवलेच नाही, काही शहर सोडून गेल्या. खर्च कोणी करायचा यावरून सरकार आणि महापालिका यांच्यात वाद झाला आणि १८७२ मध्ये कायदा स्थगित झाला. १८८० मध्ये तो परत आणला गेला. तोपर्यंत इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर या बाईंनी तिथल्या अशाच कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ उभी केली होती. इंग्लंडचे कायदे १८८६ मध्ये गेले, भारतातला १८८८ मध्ये.

म्हणजे काकांना हवे होते ते सगळे तिथे होते. जागा होती, पोलीस होते, डॉक्टर होते.

मग रोग का थांबला नाही?

डॉक्टर म्हणून मला याची तीन कारणे दिसतात. तिन्ही आजही लागू आहेत.

पहिले कारण: तपासणी फक्त बाईची होती. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची सक्तीची तपासणी या कायद्यात नव्हती. रोगाला दोन माणसे लागतात. एकाला कोंडून दुसऱ्याला मोकळे सोडले तर रोग त्या मोकळ्या माणसाच्या पायांनी चालत गावात येतो, आणि तिथून त्याच्या घरात.

दुसरे कारण: तपासणीत रोग ओळखूच येत नसे. उपदंशाची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि उपचाराशिवायही काही आठवड्यांत भरून येते. माणूस बरा दिसतो, पण जंतू शरीरात राहतात. हा जंतू सापडला १९०५ मध्ये आणि त्याची रक्ततपासणी आली १९०६ मध्ये. त्याआधी सगळा कारभार डोळ्यांनी बघून चाले. उपाय म्हणून पारा दिला जाई आणि त्याचेच विष अंगात भिनत असे. खात्रीचा इलाज, पेनिसिलिन, १९४३ मध्ये आला. त्यामुळे 'तपासून ठीक' हा शिक्का खोटा धीर देत होता.

तिसरे कारण: भीती. तपासणीला गेले की कोंडून ठेवतात हे कळल्यावर आजारी बाई आधी लपते. जिला उपचाराची सगळ्यात जास्त गरज, तीच सगळ्यात दूर पळते.

या पद्धतीच्या समर्थकांची बाजूही सांगायला हवी. १८८८ नंतर नियम सैल झाले आणि १८९५ मध्ये गोऱ्या सैनिकांत या रोगांसाठी दर हजारी ५०० हून अधिक वेळा रुग्णालयात भरती करावे लागले. 'बघा, कायदा काढला म्हणून असे झाले,' असे ते म्हणत. पण कायदा पूर्ण जोरात होता त्या १८८० च्या दशकातही हे आकडे वाढतच होते. म्हणजे आकडे चढण्याचे सगळे खापर कायदा काढण्यावर फोडता येत नाही.

परवान्याची अफू

नशेच्या बाबतीतही आपल्याकडे अशीच व्यवस्था होती. इंग्रजी मुलखात काय किंवा निजामाच्या राज्यात काय, अफू आणि गांजा परवान्याच्या दुकानात मिळत. सरकारला त्यातून महसूल मिळे. दुकान ठरलेले, माल मोजून.

पण ती अफू दुकानापाशी थांबली का? मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला 'बाळागोळी' देत. म्हणजे अफूची गोळी. आई दिवसभर यंत्रावर उभी, बाळ घरी गुंगीत. १९२२ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी कामगार स्त्रियांची पाहणी केली. या स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. त्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती. मुद्दा एवढाच की, दुकानाचा पत्ता ठरवून दिला म्हणून अफूचा पत्ता ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाने ठरवले की दहा वर्षांत औषधाखेरीज अफूची विक्री बंद करायची. जुन्या व्यसनी लोकांची नोंद करून त्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर कमी कमी अफू मिळत गेली. मार्च १९५९ च्या अखेरीस उघड विक्री थांबली. या टप्प्यात एक चांगली गोष्ट घडली होती. व्यसनी माणूस पेशंट म्हणून कागदावर आला.

मुंबईची गल्ली आणि एचआयव्ही

कामाठीपुरा कायद्याने ठरवलेला नसला तरी सगळ्यांना माहीत असलेला इलाका होता. धंदा तिथेच चालतो, बाकी शहर सुरक्षित, अशी समजूत होती. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले निदान झाले. १९९० च्या दशकात मुंबईतल्या वेश्यावस्त्यांमध्ये निम्म्याच्या आसपास स्त्रियांमध्ये विषाणू सापडू लागला. आणि तो गल्लीत राहिला नाही. तो ट्रकसोबत महामार्गावर गेला, कामासाठी शहरात राहणाऱ्या माणसासोबत गावी आला. पुढे ज्या बायका तपासणीत पॉझिटिव्ह आल्या, त्यांतल्या कितीतरी जणींनी नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध ठेवला नव्हता.

मग वस्तीच पाडून टाकावी?

तेही करून झाले आहे. गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पाडण्यात आली. धंदा संपला नाही. बायका लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत, दुसऱ्या गावांत विखुरल्या. जे कार्यकर्ते रोज निरोध आणि औषधे घेऊन त्यांच्यापर्यंत जात होते, त्यांना आता त्या सापडेनात.

युरोपातही हाच अनुभव आला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराने १९८७ च्या सुमारास प्लात्सस्पित्स नावाच्या बागेत नशा करणाऱ्यांना मुभा दिली. देशभरातून लोक तिथे जमले. हाताबाहेर गेल्यावर १९९२ मध्ये बाग बंद केली, तर गर्दी जवळच्या लेटन नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर गेली. फरक पडला तो उपचार वाढवल्यावर. मेथाडोनसारखी औषधे, स्वच्छ सुया, १९९४ पासून गंभीर रुग्णांना डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध, आणि नर्स हजर असलेल्या छोट्या खोल्या. अशा खोल्यांत जीव वाचतात, कारण श्वास मंदावला तर मदतीला माणूस असतो आणि उपचाराचे दार शेजारीच असते. ही खोली म्हणजे दवाखान्याचाच एक भाग. तिला 'मोकळीक दिलेला इलाका' म्हणता येणार नाही.

चालले काय?

याचे उत्तर दूर शोधायला नको. सांगलीत १९९२ मध्ये 'संग्राम' संस्थेने काम सुरू केले. तिथे निरोध वाटणाऱ्या आणि समजावणाऱ्या त्याच वस्तीतल्या बायका होत्या. पुढे त्यांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना उभी केली. त्याच वर्षी कोलकात्यात सोनागाचीमध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी असेच काम सुरू केले. निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचे नाही हे एकटी बाई म्हणू शकत नाही, सगळ्या मिळून म्हणू शकतात. पुढे सरकारच्या एचआयव्ही कार्यक्रमानेही हीच वाट धरली. २००४ पासून एआरटी औषधे मोफत मिळू लागली. आज नियमित औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही.

लॉक हॉस्पिटलमध्ये कुलूप होते, सांगलीत विश्वास होता. दोन्हीकडे तपासणी होती, पण लोक आपणहून आले ते दुसऱ्या ठिकाणी.

म्हणून माझे मत असे: वेगळा इलाका आखून रोग थांबत नाही, कारण आत-बाहेर करणारा माणूस आपल्यातलाच असतो. आणि इलाका उद्ध्वस्त करूनही थांबत नाही. रोग थांबतो तो न घाबरता दवाखान्यात येता आले तर.

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी

- असुरक्षित संबंध आला असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गोपनीय असते. लागण झाल्यावर तपासणीत दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करा.
- गुप्तरोगासाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहे. जोडीदाराचाही उपचार करा, नाहीतर रोग पुन्हा येतो.
- झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.
- खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन हे अफूचेच भावंड आहे. चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
- अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.
- व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हे मोफत क्रमांक आहेत.

त्या दिवशी काकांनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "म्हणजे याला कुठं पाठवायचं नाही म्हणता?" मी म्हणालो, "पाठवायचं कुठंच नाही. दर सोमवारी इथं घेऊन यायचं." गेले तीन सोमवार दोघेही येत आहेत. पुतण्याचा डोस निम्म्यावर आला आहे.