विजेवरची छोटी विमाने आणि इवले कॅमेरे

विजेच्या मोटरवर उडणारे छोटे विमान आणि त्याच्या पोटाशी बसवलेला बोटभर कॅमेरा ही जोडी आज सहज पाहायला मिळते. ती जमून यायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. कॅमेरा आकाशात पाठवण्याचे आणि मोटरवर विमान उडवण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांनी केले. दोन्हीकडची मुख्य अडचण एकच होती, ती वजनाची. कॅमेरा आणि बॅटरी या दोन वस्तू हलक्या कशा होत गेल्या, आणि त्या त्या टप्प्यावर उडवणाऱ्यांनी कोणत्या सवयी स्वतःला लावून घेतल्या, यातूनच हा छंद घडला.

आकाशातून पहिले छायाचित्र घेतले ते फ्रान्सच्या नादारने, १८५८ मध्ये, पॅरिसजवळ दोराने बांधलेल्या बलूनमधून. ते छायाचित्र आज उपलब्ध नाही. टिकून राहिलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६० मध्ये बॉस्टन शहरावरून घेतले. या दोन्ही वेळा छायाचित्रकार स्वतः बलूनमध्ये होता. माणूस खाली ठेवून केवळ कॅमेरा वर धाडण्याच्या कामात आर्थर बातू याचे नाव ठळक आहे. दक्षिण फ्रान्समधील लाब्रुगिएर या गावी त्याने १८८८ मध्ये पतंगाला कॅमेरा बांधला. शटर उघडण्यासाठी त्याने हळूहळू जळणारी वात लावली होती. वात जळत एका ठिकाणी आली की शटर सुटे आणि त्याच वेळी कागदाची एक पट्टी खाली मोकळी होई. ती पट्टी दिसली की छायाचित्र निघाल्याचे जमिनीवरच्या माणसाला कळे आणि तो पतंग उतरवायला घेई. या तंत्रावर बातूने १८९० मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले.

कॅमेऱ्याचे वजन खऱ्या अर्थाने ग्रॅममध्ये मोजण्याची वेळ आली ती जर्मनीत. फ्रँकफर्टजवळच्या क्रोनबर्ग गावचा औषधविक्रेता युलियस नॉयब्रोनर याने कबुतरे पाळली होती आणि औषधांच्या कामी तो त्यांचा उपयोग करत असे. त्याने कबुतराच्या छातीवर बसेल असा कॅमेरा तयार केला. पक्ष्याला जेमतेम ७५ ग्रॅम ओझे पेलवते, म्हणून कॅमेरा त्या मर्यादेत बसवावा लागला. शटर उघडण्याची वेळ हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने साधली जाई. पेटंट कार्यालयाला आधी हा दावा अशक्य वाटला. त्याने प्रत्यक्ष छायाचित्रे सादर केल्यावर १९०८ मध्ये पेटंट मिळाले. १९०९ च्या ड्रेस्डेन येथील प्रदर्शनात कबुतरे परत येताच फिल्म धुऊन तिची पोस्टकार्डे विकली जात. त्याच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात क्रोनबर्गच्या वाड्यासोबत दोन्ही कडांना कबुतराच्या पंखांची टोके आली आहेत. कॅमेरा कुठे बसवावा म्हणजे उडणाऱ्याचे स्वतःचे अंग चित्रात येणार नाही, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा आहे.

विमानांच्या प्रतिकृतींचा इतिहासही तितकाच जुना आहे. आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले. मागच्या शेपटीमुळे ते आपोआप तोल सावरत असे. पुढे पेट्रोलवर आणि नंतर मिथेनॉलवर चालणारी छोटी इंजिने आली. रेडिओने विमान वळवण्याची कला अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी साधली. १९३७ मध्ये मिशिगनमधील कॅलमझू येथे उडालेले त्यांचे ‘गफ’ हे विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

इंजिनाचा आवाज, तेलकट धूर आणि कंपने यांना कंटाळलेल्यांचे लक्ष विजेकडे वळणे स्वाभाविक होते. पण त्या काळच्या बॅटऱ्या विमानाला जमिनीवरून उचलू देत नसत. ही कोंडी १९५७ मध्ये फुटली. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओनियंत्रित विमान विजेच्या मोटरवर उडवले. अशा उड्डाणाची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. त्यांनी चांदी-जस्ताची बॅटरी वापरली होती. ती ताकदवान असली तरी महाग होती, त्यामुळे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेड मिलिट्की यानेही विजेवरचे, रेडिओशिवाय मुक्त उडणारे विमान यशस्वीपणे उडवले. मिलिट्की जर्मनीच्या ग्राउपनर या कंपनीशी जोडलेला होता. १९६० मध्ये या कंपनीने त्याचे ‘सिलेंटियस’ हे विमान बाजारात आणले आणि विजेवरचे विमान प्रथमच दुकानातून विकत घेता येऊ लागले.

मिलिट्कीचे काम प्रतिकृतींवर थांबले नाही. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातील वेल्स येथे त्याच्या योजनेनुसार मोटर बसवलेले ग्लायडर हाइनो ब्रिडिच्का या वैमानिकाला घेऊन काही मिनिटे उडाले. माणसाला घेऊन विजेवर उडालेले ते पहिले विमान होय. पुढच्याच वर्षी ४ नोव्हेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियात ‘सनराइज’ हे वैमानिकरहित विमान केवळ सूर्यप्रकाशावर उडाले. ते रॉबर्ट बाउचर यांच्या ॲस्ट्रो फ्लाइट या कंपनीने बनवले होते, आणि ही कंपनी छंदासाठीच्या विजेच्या मोटरी बनवणारी होती. मोठ्या विमानविद्येला छंदाने दिशा दाखवल्याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत.

यानंतरची सुमारे तीस वर्षे निकेल-कॅडमियम बॅटरीची होती. या बॅटरीचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो. सहा सेलचा, १७०० मिलिॲम्पिअर-तासांचा नेहमीचा संच सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरे. शिवाय मोटर कार्बन ब्रशची असल्याने बरीच ऊर्जा उष्णतेत जाई. साहजिकच विजेवरची बहुतेक विमाने लांब पंखांची, ग्लायडरच्या जातीची असत. मोटर लावून उंची गाठायची, मग ती बंद करून तरंगत राहायचे, अशी उडवण्याची पद्धत पडली. प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवण्याची सवयही याच काळातली. एक पौंड वजनामागे ५० वॅट, म्हणजे किलोमागे साधारण ११० वॅट शक्ती असली तर विमान शांतपणे उडते आणि कसरतींसाठी त्याच्या दुप्पट लागते, हा ढोबळ ठोकताळा त्या पिढीने घालून दिला. नवे विमान जुळवताना तो आजही उपयोगी पडतो.

नव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत सगळे चित्र पालटले. लिथियम-पॉलिमर बॅटरी आली. तिचा एक सेल ३.७ व्होल्टचा, दोन सेलचा तेवढ्याच क्षमतेचा संच शंभर ग्रॅमच्या आसपास बसू लागला. ब्रश नसलेल्या मोटरी स्वस्त झाल्या. बिघडलेल्या सीडी ड्राइव्हमधली मोटर काढून, तिला नव्याने तार गुंडाळून आणि ताकदीची चुंबके चिकटवून हौशी लोक घरीच विमानाची मोटर बनवू लागले. बाहेरचा डबा फिरणारी ही मोटर मोठा पंखा थेट फिरवू शकत असे, त्यामुळे गिअरची गरज उरली नाही. बाल्सा लाकडाच्या जोडीला फोम आला, आणि आपटलेले विमान गोंद लावून त्याच संध्याकाळी पुन्हा उडवणे शक्य झाले.

रेडिओतही असाच बदल झाला. पूर्वी प्रत्येक रिमोट ठरावीक वारंवारितेवर चाले. एकाच वारंवारितेचे दोन रिमोट एकदम सुरू झाले की एखादे विमान हमखास कोसळे. म्हणून मैदानात एक फळी लावलेली असे. आपल्या वारंवारितेचा चिमटा त्या फळीवरून घेतल्याशिवाय कोणी रिमोट सुरू करायचा नाही, असा दंडक होता. २००५ मध्ये स्पेक्ट्रम कंपनीचा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रिमोट आला. त्यात रिमोट आणि विमानातला रिसीव्हर एकमेकांशी आधीच जोडले जातात. हे तंत्र पसरले तशी फळी आणि चिमटे मागे पडले.

कॅमेऱ्याची वाट मात्र वेगळी होती. फिल्मच्या काळात हौशी लोक साधा कॅमेरा विमानात बांधत आणि सर्व्हो मोटरच्या दांडीने त्याचे बटण दाबत. फिल्म आपोआप पुढे सरकणारा कॅमेरा नसेल, तर एका उड्डाणात एकच छायाचित्र मिळे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत फिल्मची जागा घेणारा सीसीडी संवेदक जन्माला आला. १९९० च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत आधुनिक सीमॉस संवेदक घडवला. मोबाइल फोनमुळे हे संवेदक प्रचंड संख्येने बनू लागले आणि कॅमेऱ्याचे वजन झपाट्याने उतरले. हलकेपणा कुठवर जाऊ शकतो हे एरोव्हायरन्मेंट या अमेरिकी कंपनीने ‘ब्लॅक विडो’ विमानातून दाखवले. सहा इंच रुंदीचे, ८० ग्रॅम वजनाचे हे विमान विजेवर अर्धा तास उडे, आणि त्यातील रंगीत व्हिडिओ कॅमेऱ्याचे वजन अवघे दोन ग्रॅम होते.

हे यंत्र प्रयोगशाळेचे होते. हौशी माणसाच्या हाती तसला कॅमेरा आला तो २००९ च्या सुमारास, मोटारीच्या किल्लीसारख्या दिसणाऱ्या ‘८०८’ कॅमेऱ्याच्या रूपाने. वजन वीस ग्रॅमच्या आसपास, आत मायक्रोएसडी कार्ड, बाहेर दोन बटणे, आणि किंमत अगदी थोडी. तो दुहेरी चिकटपट्टीने किंवा वेल्क्रोने फोमच्या विमानावर सहज बसे. त्याचबरोबर एक नवा दोषही दिसू लागला. सीमॉस संवेदक चित्र एकेका ओळीने वाचतो. पंखा कंप पावत असला की वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात विमान किंचित हललेले असते, आणि क्षितिज जेलीसारखे थरथरताना दिसते. यावरचा खरा उपाय पंख्याचा तोल साधण्याचा. हलक्या पात्याला थोडी चिकटपट्टी लावावी किंवा जड पाते किंचित घासावे. त्यानंतर कॅमेऱ्याखाली मऊ फोमचा तुकडा ठेवावा. फोम फार सैल असेल तर कॅमेराच डुलतो, म्हणून तो बेताचाच हवा.

कॅमेरा बसवल्यावर विमानाचा तोल बदलतो, हे बातूच्या पतंगापासून चालत आलेले सत्य आहे. नेहमीच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश अंतरावर असावा लागतो. तो मागे सरकला तर विमान हाती राहत नाही. त्यापेक्षा किंचित पुढे असलेला परवडतो. म्हणून कॅमेरा, कार्ड आणि बॅटरी जागेवर ठेवून, पंखाखाली दोन बोटे टेकवून तोल पाहावा आणि बॅटरी पुढे-मागे सरकवून तो जुळवावा. कॅमेरा एका पंखाच्या टोकाला बसवला तर दुसऱ्या टोकालाही तेवढेच वजन लावावे लागते. नव्या कॅमेऱ्यानिशी पहिले उड्डाण वारा पडलेला असताना, सकाळी लवकर करावे, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर, सपाट धरून सोडावे. नाक वर करून जोरात फेकले तर वेग मिळण्याआधीच ते खाली बसते.

विजेच्या मोटरीने सुरक्षिततेचे नियमही बदलले. इंजिन सुरू करेपर्यंत निरुपद्रवी असते. विजेची मोटर बॅटरी जोडल्या क्षणापासून फिरू शकते. त्यामुळे आधी रिमोट सुरू करायचा, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी दांडी, तळाशी असल्याची खात्री करायची आणि मगच बॅटरी जोडायची. उतरल्यावर क्रम उलटा. पंख्याच्या रेषेत हात किंवा चेहरा आणायचा नाही. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी रिमोटची ताकद कमी करून सुमारे तीस पावलांवरून सगळे नियंत्रण तपासायचे.

लिथियम बॅटरीने सर्वाधिक शिस्त शिकवली. तिचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज होऊ देऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. बॅटरीत साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा शिल्लक असतानाच विमान उतरवावे. पुढचे काही दिवस उडवायचे नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. चार्जिंग पेट न घेणाऱ्या पृष्ठभागावर आणि डोळ्यांदेखत करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत कोणतीही बॅटरी ठेवू नये.

भारतात कॅमेरा घेऊन उडणारे विजेचे यंत्र घरोघरी पोहोचले ते २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातून. त्यातले चार पंख्यांचे यंत्र आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचे होते. २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा यंत्रांच्या खासगी वापरावर बंदी घातली आणि अनेक वर्षे हौशी मंडळी अडचणीत राहिली. पुढे नियम ठरले. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत महाराष्ट्रासह काही राज्यांतील गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी वजनावरून वर्ग पाडले. २५० ग्रॅमपर्यंतची यंत्रे ‘नॅनो’ आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतची ‘मायक्रो’. नॅनो यंत्राला, तसेच बिगरव्यावसायिक कामासाठी मायक्रो यंत्राला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. हौस, शिक्षण आणि संशोधन यांसाठीच्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृती विमानांचा वेगळा उल्लेख या नियमांत आहे. मात्र अशी विमाने नजरेच्या टप्प्यातच उडवावी लागतात, आणि उडवण्याआधी ती जागा ड्रोनच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या क्षेत्रात येते का हे पाहावे लागते. कॅमेऱ्याचे दृश्य डोळ्यांवरच्या चष्म्यात पाहत उडवणाऱ्याने म्हणूनच शेजारी एक जोडीदार उभा करावा. त्याने नजर सतत विमानावर ठेवावी आणि माणसे, तारा व पक्षी यांची सूचना द्यावी. कुणाच्या घरात, अंगणात किंवा गच्चीवर डोकावणारे चित्रण परवानगीवाचून करू नये. कॅमेरा आता कोणालाही परवडतो आणि बॅटरी कोणतेही हलके विमान उचलू शकते. हा छंद पुढे मोकळेपणाने करता येईल की नाही, हे उडवणाऱ्यांच्या या शिस्तीवरच ठरणार आहे.