व्हिक्टोरियातील उत्तुंग वृक्षांची मोजणी : एक साधनचिकित्सा

वृक्षाची उंची हा वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा विषय होय. परंतु जो वृक्ष आज उभा नाही, त्याच्या उंचीचा निर्णय इतिहाससंशोधनाच्या रीतीनेच करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातील ‘माउंटन ॲश’ या निलगिरीच्या जातीसंबंधी एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध झालेले आकडे या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

फेब्रुवारी १८७२ मध्ये सरकारी वनांचे निरीक्षक विल्यम फर्ग्युसन यांनी वॉट्स नदीच्या परिसरातील एका कोसळलेल्या वृक्षाची लांबी ४३५ फूट असल्याचे कळविले. त्याचा शेंडा तुटलेला असून तुटल्या जागी खोडाचा व्यास ३ फूट होता. त्यावरून मूळची उंची ५०० फुटांहून अधिक असावी, असा तर्क त्यांनी केला. यांतील पहिले विधान निरीक्षणाचे, तर दुसरे अनुमानाचे आहे. पुढील लेखनात हा भेद पुसट होत गेला. शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांड फॉन म्युलर यांनीही इतरांकडून कळलेल्या ४०० फुटांवरील उंची ग्रंथनिविष्ट केल्या.

१८८८ च्या मेलबर्न येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने ४०० फुटी वृक्षाचा शोध घेण्यात आला, तेव्हा आढळलेला सर्वांत उंच वृक्ष ३२६ फूट १ इंच भरला. याउलट थॉर्पडेल येथील वृक्ष भूमापक जॉर्ज कॉर्नथ्वेट यांनी १८८० नंतरच्या दशकात प्रथम थिओडोलाइटने व तोडल्यानंतर साखळीने मोजला. तो ३७५ फूट, म्हणजे ११४.३ मीटर होता. परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन रीतींनी झालेली ही मोजणी अधिक विश्वसनीय मानावी लागते.

उभ्या वृक्षाच्या मोजणीत प्रमाद कसा शिरतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. निरीक्षक बुंध्यापासून ५० मीटरांवर असून शेंड्याचा कोन ६० अंश असेल, तर स्पर्शज्येच्या गणिताने उंची ८६.६ मीटर येते. परंतु शेंडा निरीक्षकाकडे १० मीटर झुकलेला असल्यास खरी उंची ६९.३ मीटरच असते. लेसर किरणांनी शेंड्यापर्यंतचे तिरपे अंतर, येथे ८० मीटर, थेट मोजून त्यास कोनाच्या ज्येने गुणिले असता हा दोष राहत नाही. जंगलात पायी हिंडून उंच वृक्ष शोधणाऱ्या हौशी अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत हीच रीत रूढ केली.

मात्र १८८८ चा आकडा ही त्या जातीची कमाल मर्यादा समजणे युक्त नव्हे. तोवर सुगम खोऱ्यांतील पुष्कळ वृक्ष कुऱ्हाडीखाली गेले होते; पुढे १९३९ व २००९ च्या वणव्यांनी आणखी हानी केली. कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ हा रेडवुड वृक्ष २००६ मध्ये शेंड्यावरून फीत सोडून मोजला असता सुमारे ११५.५ मीटर भरला. तेव्हा वृक्षाने ३७५ फूट वाढणे असंभाव्य नाही. टास्मानियात २००८ मध्ये आढळलेला ‘सेंच्युरियन’ हा माउंटन ॲशचा वृक्ष मात्र सुमारे १०० मीटर उंचीचा आहे.

सारांश, ५०० फुटांचा दावा निराधार, ४३५ फुटांचा अनिर्णीत व ३७५ फुटांचा ग्राह्य ठरतो. याहून अधिक काही सांगू शकणारा पुरावा म्हणजे ते अरण्यच होते. आणि काटेकोर मोजणीची साधने हाती येण्यापूर्वीच ते बहुतांशी नष्ट झाले.