गुलामांची आत्मकथने : अमेरिका व महाराष्ट्र

गुलामगिरीतून पळालेल्या किंवा सुटलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेली, अथवा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली जीवनकथने. अमेरिकेत हा प्रकार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द होईपर्यंत जोमाने चालला. ओलाउदा इक्वियानो (१७८९), फ्रेडरिक डग्लस (१८४५), सॉलोमन नॉर्थप (१८५३) आणि हॅरिएट जेकब्ज (१८६१) ही त्यातली ठळक नावे. मराठीत या प्रकाराला सर्वांत जवळची आहेत ती दलित आत्मकथने.

या लेखकांपुढे पहिला प्रश्न होता तो आपले खरे मानणार कोण, हा. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोर्टात चालत नसे. त्यामुळे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेले’ असे छापावे लागे आणि आत एखाद्या प्रतिष्ठित गोऱ्याची हमी जोडावी लागे. डग्लस यांच्या पुस्तकाला विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र आहे. डग्लस यांनी मालकांची व गावांची खरी नावे दिली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याची धास्ती निर्माण झाली आणि त्यांना काही काळ ब्रिटनमध्ये राहावे लागले. तिथल्या स्नेह्यांनी १८४६ मध्ये पैसे भरून त्यांना कायद्याने मुक्त केले. जेकब्ज यांची कथा याहून कठीण आहे. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी त्या आजीच्या घराच्या छपराखाली सुमारे सात वर्षे लपून राहिल्या. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती. त्यांनी टोपणनावाने लिहिलेले हे पुस्तक पुढे कित्येक वर्षे कादंबरीच समजले गेले. जीन फेगन येलिन यांनी जुनी पत्रे तपासून १९८० च्या दशकात ते जेकब्ज यांचेच असल्याचे सिद्ध केले.

महाराष्ट्रातही आपले दुःख स्वतः लिहिण्याची सुरुवात लवकर झाली होती. पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. गुलामगिरीविरुद्धच्या अमेरिकेतील लढ्याची खबरही इथे लागली होती; फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी मांडले, की गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी गुलाम-कथनांच्याच जातकुळीतल्या आहेत. पुढे म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याची मराठी वाचकांना नीट ओळख करून दिली.

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्यात शिकलेला, नोकरदार दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू, ही एकाच माणसाची दोन रूपे, समोरासमोर येतात आणि दगडू बोलू लागतो. हमी देणारा बाहेरचा माणूस इथे नाही. लेखक स्वतःच स्वतःचा साक्षीदार आहे. मेलेली गुरे ओढणे, सरकारी सांगावे पोचवणे, मयताची खबर घेऊन गावोगाव पायपीट करणे आणि बदल्यात बलुत्याचे धान्य व मागून आणलेली भाकरी, असा तो महारकीचा व्यवहार. त्याला आधार देणारी वतने १९५८ च्या कायद्याने गेली. अमेरिकन कथनाला पळून जाण्याची एक रात्र असते, ओलांडायची एक सीमा असते. मराठी आत्मकथनाला ती नाही. दगडू मुंबईत कावाखान्यात येतो तेव्हा जातही त्याच्याबरोबर येते.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या सगळ्यांत निर्भय म्हणावे लागेल. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहिलेली पाने त्यांनी वीस वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवली होती. सवर्णांच्या अन्यायाबरोबरच महारवाड्यात सुनेचा होणारा छळही त्यांनी लिहिला आहे.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी मात्र अक्षरशः गुलामच होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, बहुधा जन्मभर, नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी ती पद्धत. १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ झुगारून दिली; त्याच वर्षी तळवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड मारले गेले. हा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे, पण तो सांगतात त्या गोदावरी परुळेकर. पुस्तक थोर आहे, तरी ती लढ्यातल्या सोबतिणीची साक्ष आहे, खुद्द लग्नगड्याची नव्हे.

अमेरिकेत गुलामगिरी रद्द झाली, तरी तेराव्या घटनादुरुस्तीने गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मोकळीक ठेवली. तेव्हापासून अमेरिकेत काळ्यांचे तुरुंगलेखन ही गुलाम-कथनांची पुढची शाखा ठरली. आपल्याकडे जातिव्यवस्थेचे अभ्यासक आनंद तेलतुंबडे भीमा कोरेगाव प्रकरणात कच्चे कैदी म्हणून तळोजा कारागृहात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते जामिनावर सुटले. ‘द सेल अँड द सोल’ या इंग्रजी पुस्तकात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. कच्चा कैदी म्हणजे गुलाम नव्हे. ही सरमिसळ करू नये. पण ज्याच्यावर अविश्वास दाखवला गेला त्याने आपली हकिगत स्वतः लिहिणे, हे नाते खरे आहे.

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या लेखक प्रकल्पाने गुलामगिरी पाहिलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती टिपल्या. तोवर मुक्तीला सत्तर वर्षे उलटली होती आणि अनेकांना फक्त बालपणच आठवत होते. आपल्याकडे अशा मुलाखतींची वेळ अजून गेलेली नाही. तळोज्याभोवतीच्या पनवेल तालुक्यात, सबंध रायगडात, कातकरी आदिवासींच्या वाड्या आहेत. उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर राबलेली म्हातारी माणसे तिथे आज बोलू शकतात. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याआधीचे दिवस पाहिलेली ही शेवटची पिढी आहे. जवळच्या महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी त्यांच्याच बोलीत त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, आणि हे काम आताच हाती घ्यावे.