एकच ग्रंथ, दोन धर्म : कोकणातल्या बेने इस्रायलांची कहाणी

कळंबोली म्हटले की लोखंडाचा बाजार आणि सिडकोच्या बिल्डिंगा डोळ्यांसमोर येतात. पण येथून जवळच, जुन्या पनवेल गावात, १८४९ साली बांधलेले ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ‘बेथ एल’ हे त्याचे नाव. ते बांधणारे लोक परदेशी व्यापारी नव्हते. घरात मराठी बोलणारे, दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावावरून आडनावे लावणारे हे आपल्या रायगड जिल्ह्यातलेच लोक. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन धर्मांत धर्मग्रंथ व परंपरा यांच्याबाबत नेमका काय फरक आहे, हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. या लोकांचा इतिहास वाचला की पुरे.

त्यांच्यात चालत आलेली कथा अशी. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ, सामानसुमान, सगळे समुद्राने गिळले. पुढे हे लोक तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले असलेलेच मासे खायचे, आणि ‘शेमा’ नावाची एक प्रार्थना पाठ म्हणायची, एवढे त्यांनी धरून ठेवले. सणांची नावेही मराठीच. घराची दारे लावून उपास करायचा तो ‘दारफळणीचा सण’, आणि यरुशलेमचे मंदिर पाडले गेले त्या दुःखाच्या दिवसाला ‘बिरड्याचा सण’. पोहे, नारळ आणि फळे मांडून एलियाहू पैगंबराच्या नावाने ‘मलिदा’ करायचा, हे तर कुठल्याच ग्रंथात लिहिलेले नाही.

शेकडो वर्षे ग्रंथ नव्हता, तरी धर्म राहिला. कशावर? घरातल्या चालीरीतींवर, आईबापांनी सांगितलेल्या गोष्टींवर. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. त्याने बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याने हे आपलेच लोक असे ओळखले, अशी आख्यायिका आहे. त्याचा काळ कोणता यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण कथेचा अर्थ स्पष्ट आहे : ओळख पटली ती पोथीवरून नाही, चुलीवरून पटली.

मिशनरी आले

१८१३ नंतर अमेरिकन मिशनरी मुंबई आणि कोकणात काम करू लागले. १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकू लागली आणि विसरलेली हिब्रू भाषा त्यांना पुन्हा वाचता येऊ लागली. मिशनऱ्यांचा हिशेब सरळ होता. या लोकांनी ‘जुना करार’ वाचला की त्यांना ‘नवा करार’ही पटेल, असे त्यांना वाटे.

येथेच दोन धर्मांतला फरक लक्षात घ्यावा. ख्रिस्ती ज्याला ‘जुना करार’ म्हणतात तोच ज्यूंचा धर्मग्रंथ, तनाख. ज्यू त्याचे २४ भाग मोजतात. प्रॉटेस्टंट तोच मजकूर ३९ पुस्तकांत मांडतात, कॅथलिक आणखी काही पुस्तके धरून ४६ मोजतात. ज्यूंच्या दृष्टीने तो ‘जुना’ नाहीच, कारण त्यानंतर दुसरा करार झालाच नाही. ख्रिस्ती मात्र त्यापुढे २७ पुस्तकांचा नवा करार जोडतात आणि येशूच्या उजेडात जुना वाचतात.

दुसरा फरक अर्थ लावण्याचा. ज्यू धर्मात लेखी ग्रंथाबरोबर तोंडी परंपरेलाही मान आहे. ती इसवी सन २०० च्या सुमारास ‘मिश्ना’त व पुढे ‘तालमूद’मध्ये लिहून ठेवली गेली. लग्न, घटस्फोट, खाणेपिणे यांचा निवाडा धर्मपंडित म्हणजे रब्बी तिच्या आधारे करतात. ख्रिस्ती लोक तालमूद मानत नाहीत. कॅथलिक बायबलसोबत चर्चची परंपरा मानतात, तर प्रॉटेस्टंट म्हणतात, बायबल हेच अंतिम प्रमाण.

तिसरा फरक भाषेचा. सिनेगॉगमध्ये तोराची हाताने लिहिलेली गुंडाळी हिब्रूतच वाचतात. ख्रिस्ती लोकांना भाषांतरही धर्मग्रंथच वाटते. म्हणून तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल असे मराठी बायबल करण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

मग मिशनऱ्यांचा हिशेब जमला का? नाही. बेने इस्रायलांनी शाळा घेतली, व्याकरण घेतले, पण धर्म फारच थोड्यांनी बदलला. उलट मिळालेल्या विद्येवर त्यांनी स्वतःची पुस्तके काढली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची ‘हग्गादा’ हिब्रू व मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनेही ते करू लागले.

परीक्षा घरच्यांनीच घेतली

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात या समाजाचे सुमारे २०,००० लोक होते. १९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले. तेथे वेगळेच संकट उभे राहिले. हे लोक तालमूदपासून इतकी वर्षे दूर होते, मग त्यांचे घटस्फोट नियमाप्रमाणे झाले कशावरून, अशी शंका काही रब्बींनी काढली. १९६२ साली धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायल माणसाने बाहेरच्या ज्यूशी लग्न करायचे असेल तर त्याच्या आई-आजीपासून मागच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यांनी ग्रंथ नसताना शनिवार पाळला, त्यांनाच विचारले गेले, तुम्ही ज्यू कशावरून?

लोक गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये निदर्शने केली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे जाहीर केले, आणि आदेशातून त्यांच्या समाजाचे नाव काढावे लागले.

वाचकहो, या इतिहासात ग्रंथही हरला नाही आणि परंपराही हरली नाही. ग्रंथ हाती आला तेव्हा समाज शहाणा झाला, स्वतःच्या भाषेत लिहू-गाऊ लागला. परंपरेने त्याला अंधारातही वाट दाखवली. पण ग्रंथाचा किंवा परंपरेचा अर्थ सांगायचा हक्क मूठभरांच्याच हाती गेला, की तोच धर्म आपल्या माणसाला दारात उभा करून दाखला मागतो. तेव्हा दाखला देत बसायचे, की आपल्या जगण्याकडे बोट दाखवून ठाम उभे राहायचे? कोकणातल्या शनवार तेल्यांनी दुसरा मार्ग धरला. म्हणून पनवेलला गेलात तर ते जुने प्रार्थनामंदिर जरूर बघून या.