नौकापरिभाषा, पश्चिम किनाऱ्यावरील
कोकण किनाऱ्यावरील नौकांचे प्रकार व अवयव यांची नावे आणि युरोपीय, विशेषतः इंग्रजी व फ्रेंच, नौकाशास्त्रात त्यांना दिलेले पर्याय.

गुराब : इंग्रजीत ‘ग्रॅब’. मूळ अरबी ‘घुराब’ (कावळा). आंग्र्यांच्या आरमारातील या लढाऊ जहाजाचे वर्णन रॉबर्ट ऑर्म याने आपल्या इतिहासात (१७६३) तपशिलाने केले आहे. डोलकाठ्या दोन, क्वचित तीन. भारवहनक्षमता अनुक्रमे सुमारे १५० व ३०० टन. बांधणी लांबीच्या मानाने रुंद, टोकांकडे निमुळती व उथळ पाण्यास योग्य. नाळ (जहाजाचे पुढचे टोक) भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे पुढे आलेली. मुख्य तक्तपोशीवरील ९ ते १२ पौंडी दोन तोफा नाळेवरून थेट समोर मारा करीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या लढाईत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून नष्ट झाले.

गलबत : इंग्रजीत ‘गॅलिव्हॅट’. ऑर्मच्या मते क्वचितच ७० टनांहून अधिक. ४० ते ५० वल्ह्यांवर वेग ताशी सुमारे ४ मैल. ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात नावाचा संबंध पोर्तुगीज ‘गालेओता’शी जोडला आहे, व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. मराठीत हा शब्द पुढे कोणत्याही जहाजास लागू झाला. म्हणून जुन्या कागदांतील प्रत्येक गलबताचे भाषांतर ‘गॅलिव्हॅट’ असे करणे चुकीचे ठरते.

पत्तेमारी : मालवाहू नौका. फ्रेंच नौदल अधिकारी फ्रांस्वा-एद्मों पारी (मृत्यू १८९३) याने युरोपबाहेरील नौकाबांधणीवरील ग्रंथात (१८४१–४३) तिची रेखाटने दिली. शीड ज्या तिरप्या काठीला बांधतात, ती परबाण. फ्रेंचमध्ये अशा तिरप्या काठीस ‘आंतेन’ आणि चौकोनी शिडाच्या आडव्या काठीस ‘व्हेर्ग’ अशी स्वतंत्र नावे आहेत. इंग्रजीत दोन्हींना ‘यार्ड’ म्हणतात. त्यामुळे ‘आंतेन’साठी नुसते ‘यार्ड’ लिहिल्यास शिडाचा प्रकारच कळत नाही. ‘लॅटीन यार्ड’ असे लिहावे लागते.

अवयव : डोलकाठी, शीड, नाळ, सुकाणू (अरबी ‘सुक्कान’), पठाण (तळाचा कणा).

कोशकार्य : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७).

भाषांतरात मूळ नाव कायम ठेवून त्यासोबत बांधणीचे वर्णन देणे हीच विश्वसनीय पद्धत होय. केवळ जवळचा युरोपीय शब्द योजल्यास सुतार, तांडेल व खलाशी यांचे नौकाज्ञान नोंदीतून निसटते.